भावाच्या पोटातली किडनी

गल्लीत कुणी डायलिसिसवरून आलं, की मॅडम आधी त्याचा हात हातात घेत. मनगटाच्या वर, जिथं सुईसाठी शिरा जोडलेल्या असतात, तिथं दोन बोटं ठेवून डोळे मिटत. आतली थरथर लागली की म्हणत, "चालू हाय. अजून घाबरायचं कारण न्हाई." जोर 'अजून'वर असायचा.

एखादी बाई विचारायची, "माही किडनी लेकराला बसंल नं? सख्खी माय हाय मी."

"रक्ताला नातं कळत न्हाई, बाई. तपासल्याबिगर बोलू नका."

बाई रडायची. मॅडम पाणी द्यायच्या, शब्द मागे घ्यायच्या नाहीत. खोटा धीर न देणाऱ्या माणसाचा लोक कसा राग करतात, ते तुम्हीही पाहिलं असेल.

मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत त्यांनी उभं आयुष्य एकाच प्रश्नावर घालवलं. दुसऱ्याची किडनी बसवली, की शरीर तिला परकी समजून का मारतं, आणि त्याला थांबवायचं कसं? लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाजवळ राहावं म्हणून वसमतला परतल्या. रक्त तपासायच्या माझ्या लॅबशेजारीच त्यांनी खोली घेतली. भावाचं घर गल्लीच्या टोकाला.

पुढं त्या भावाच्याच दोन्ही किडन्या निकामी झाल्या. त्याच्या बायकोनं स्पष्ट सांगितलं, "मी देणार न्हाई." मॅडमनी तिला कधी दोष दिला नाही. स्वतःची तपासणी करून घेतली. रिपोर्ट आला त्या दिवशी माझ्या पायरीवर उभ्या राहून मोठ्यानं हसल्या. "बराबर जुळलं, लॅबवाले! इतकं जुळलेलं मी फार कमी पाहिलंय."

ऑपरेशन चांगलं झालं. भाऊ पुन्हा मोटारसायकलवर मोंढ्यात हळदीच्या व्यापाराला जाऊ लागला. शरीरानं नवी किडनी मारू नये म्हणून जन्मभर घ्यायच्या गोळ्या मात्र त्याला नकोशा झाल्या. हात कापायचे, तोंड सुजायचं, मोंढ्यातले लोक हसायचे. डोंगरकडा गावच्या कुणीतरी त्याला कसल्याशा मुळीची पूड दिली आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या. त्यानं केल्या. बहिणीला म्हणायचा, "घेऊन राहिलो की, अक्का."

पाय सुजले तेव्हा त्याचं रक्त मी काढलं आणि नांदेडला पाठवलं. रक्तात गोळीचा मागमूसही नव्हता. मॅडमनी रिपोर्ट त्याच्यासमोर धरला. "काहून रे?"

"तुला काय तकलीफ? माह्या पोटात हाय ती आता."

नांदेडला किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. मॅडमसोबत मीही गेलो होतो. तपासणारा डॉक्टर मॅडमचाच जुना विद्यार्थी. स्लाईड दाखवायला तो टाळाटाळ करत होता. मॅडमनी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. बऱ्याच वेळानं मला जवळ बोलावलं.

"बघा. ह्या नळ्या माझ्या. त्यांच्यात शिरलेले जांभळे ठिपके, त्या त्याच्या पेशी. खाऊन राहिल्या." मग म्हणाल्या, "जन्मभर पोरांना हेच शिकवलं. इतकी साफ स्लाईड कधी मिळाली असती तर..."

विद्यार्थी खिडकीकडं तोंड करून उभा होता.

किडनी वाचली नाही. भाऊ पुन्हा डायलिसिसवर गेला. भेटायला येणाऱ्याला सांगायचा, "अक्कानं खराब व्हती ती माह्या गळ्यात मारली. चांगली सोताला ठेवली." त्या वेळी मॅडम आत त्याच्यासाठी बिनमिठाची भाजी करत असत. सगळं ऐकू यायचं.

मी एकदा म्हणालो, "लोकांना खरं काय ते सांगा ना, मॅडम."

"सांगून काय करू? आजारी माणसाला भांडायला कुणीतरी लागतं."

तो उन्हाळ्यात गेला. मॅडम धावत गेल्या, तर भावजय दारात आडवी उभी राहिली. "तुमी आत येऊ नका. तुमच्यामुळंच गेले ते." जमलेल्यांपैकी कुणी तिला बाजूला केलं नाही. मॅडमना भावाचा चेहराही पाहू दिला नाही.

चिता पेटली तेव्हा त्या स्मशानाबाहेर रस्त्यावर उभ्या होत्या. मी शेजारी. धूर कालव्याकडं वळत होता.

"निकामी झालेली किडनी काढत न्हाईत," त्या म्हणाल्या. "आतच राहू देतात. तीबी जळत असंल आता."

आठवड्याभरात त्यांनी खोली सोडली. कुठं गेल्या, कुणाला सांगितलं नाही. भावजय अजूनही रक्त तपासायला माझ्या लॅबमध्ये येते, बाकावर बसून बायकांना नणंदेनं फसवल्याचं सांगते. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवतात.