चांगदेवकाकांचे भोकाभोकांचे ब्रेक

संकष्टीच्या सकाळी पोयनाडच्या नाक्यावर उभं राहिलं की एक वरात हमखास बघायला मिळायची. पुढे पालीला जाणारी एसटी आणि मागोमाग एक पांढरी छोटी गाडी. एसटीत खिडकीशी आवडाकाकी, मांडीवर दूर्वा-जास्वंदीची पिशवी. मागच्या गाडीत तिचा नवरा, चांगदेवकाका, एकटाच. एसटी थांबली की गाडी थांबायची, एसटी सुटली की सुटायची. पालीला दोघं जोडीने दर्शन घ्यायची, आणि परतताना पुन्हा ती एसटीत, हे मागे.

नाक्यावर माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान वडिलांनी काढलं. त्यांचा गोड स्वभाव मात्र माझ्या वाट्याला आला नाही. माणूस काय विकत घ्यायला येतो यावरून तो कसा आहे ते मला कळतं. हॉर्न बदलणारा वेगळा, वायपर बदलणारा वेगळा. चांगदेवकाका दोन्ही बदलायचे, तेही चांगले चालत असलेले.

काकांचे वडील मिठागरावर राबले. काका मात्र ट्रेलरवर चढले आणि बंदरातले कंटेनर घेऊन देशभर हिंडले. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, ही त्यांची ख्याती. ती पसरवायचं कामही ते स्वतःच करायचे. उंच, धिप्पाड, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि ढगाळ दिवशीही डोळ्यांवर गॉगल. ट्रेलर सोडल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि पेढे घेऊन दुकानात आले. म्हणाले, "आता आवडाला फिरवायची. जल्मभर ती माझी वाट बघत बसली हाय." हे ते अगदी मनापासून बोलले होते, म्हणून पुढे जे झालं त्यावर मला पोटभर हसता आलं नाही.

झालं असं की पहिल्याच फेरीत, वडखळच्या अलीकडे, पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. काकांनीही मारला. गाडी टेम्पोला जेमतेम टेकली. पण त्या दिवसापासून आवडाकाकी गाडीत बसेना. का, असं विचारलं की एकच उत्तर, "मना न्हाय बसाचं." आणि ती पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे चालायला लागायची.

काकांनी ठरवून टाकलं की बायको ब्रेकला घाबरली. मग आले माझ्याकडे. मोबाइलवर कुठल्याशा रेसच्या गाडीचं चाक दाखवत म्हणाले, "हेमांगी, ही भोकाभोकांची डिस्क मागव. जागच्या जागी थांबते गाडी."

मी म्हटलं, "काका, चकतीला भोकं पाडल्याने गाडी लवकर थांबत नाही. चकतीला दोन्हीकडून चिमटणारे पूर्वीचे पॅड तापले की त्यातून वायू सुटायचा, तो निघून जायला भोकं होती. आताच्या पॅडचं तसं नाही. उलट भोकं पाडली की लोखंड कमी होतं, मग उष्णता मुरायची कुठे? आणि चिरा जातात त्या भोकांपासूनच."

"मंग त्या खाचावाल्या?"

"त्या पावसात पॅड पुसून घेतील थोडाफार. पण पॅड झिजवतील आणि वर आवाजही करतील. तुम्हाला पालीला जायचंय, शर्यतीला नाही. साधी चांगली डिस्क, चांगले पॅड, वेळेवर बदललेलं ब्रेक ऑइल आणि बरे टायर. बास."

"तुज्याकडं माल न्हाय म्हनून सांगतंस," असं म्हणून काका थेट पनवेल गाठून भोकांच्या डिस्क बसवून आले. आमच्या नाक्यावर मग काय, जत्राच. जो तो चाकात वाकून बघतोय आणि काका गॉगल कपाळावर चढवून माहिती देतायत.

खाडीकाठचं गाव. खारा वारा काही कुणाला सोडत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी डिस्क तांबूस. भोकांत पॅडची काळी भुकटी आणि वाटेवरचा चिखल जाऊन बसे. मग दर रविवारी काका अंगणात पाट टाकून बसत आणि खराट्याची हीर घेऊन एकेक भोक साफ करत. बाईने सुद्धा तांदूळ इतक्या प्रेमाने निवडले नसतील. ब्रेक दाबला की बारीक घूं घूं आवाज यायचा. आवडाकाकी पडवीतून ऐकायची आणि म्हणायची, "गाडीला बरं न्हाय वाटतं." बसायचं नाव नाही.

पावसाळा सरला आणि आमच्या येसाजी मिस्त्रीने चाक खोलल्यावर मला हाक मारली. दोन भोकांच्या मधे केसाएवढी चीर. मी नुसतं काकांकडे बघितलं. काकांनी माझी नजर चुकवली आणि साध्या डिस्क बसवायला सांगितलं. म्हणाले, "कायबी बसवलं तरी ती बसत न्हाय." मला त्यांचं फार वाईट वाटलं. ओरडायला गेलेली मी चहा मागवून बसले.

शेवटी एकदा स्टँडवर गाठून मी आवडाकाकीलाच विचारलं. ती शांतपणे सांगायला लागली.

"मना पट्ट्याची सवय नव्हती. डोकं काचंवर आपटलं, हे एवढं टेंगूळ आलं. आनि हे दार उघडून उतरले ते आदी बंपर बघाया गेले. हात फिरवला त्याच्यावर. टेम्पोवाल्याशी भांडले. मंग आत येऊन मना म्हनले, वाचली गाडी."

"मग हे त्यांना सांगा ना."

"मी सांगितल्यावर माजी इचारपूस केली तर काय कामाचं?"

मला पटलं. पण हे गुपित पोटात ठेवणं म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच. काका दुकानात येऊन "आता चारी चाकांना मोठे ब्रेक बसवले तर?" असं म्हणायला लागले की मी जीभ चावून नटबोल्ट मोजायला घ्यायचे.

मग अंगारकी आली. मलाही पालीला जायचं होतं, म्हणून काकांच्या गाडीत पुढे बसले. एसटीत मुंगी शिरायला जागा नव्हती. वाकण फाटा मागे पडला आणि थोड्या वेळाने एसटीच बंद पडली. माणसं मिळेल त्या गाडीने पांगली. आवडाकाकी झाडाखाली पिशवी धरून उभी. काका गाडीतून उतरले, पण तिला बस म्हणायचं धाडस होईना. नुसतं मागचं दार उघडून उभे राहिले. तिने रस्त्यावर दुसरी गाडी येतेय का ते बघितलं. मग आत बसली आणि म्हणाली, "पालीपरेंतच."

काकांनी गाडी अशी चालवली की मागून सायकलवाल्यांनी घंटा वाजवाव्यात. पुढे वळणावर झाडीतून एक म्हशीचं रेडकू उडी मारून रस्त्यात आलं. काकांनी ब्रेक दाबला. साध्या डिस्कने गाडी रेडकाच्या चांगली अलीकडे थांबवली. पण मागची सहाआसनी रिक्षा थांबली नाही. धाडकन आवाज झाला आणि मागच्या दिव्याची काच रस्त्यावर सांडली.

काकांचा हात सवयीने दाराच्या खटक्यावर गेला. आत्ता सांगावं का, असं मनात आलं आणि मी तोंड मिटूनच घेतलं.

हात तिथेच थांबला. काका वळायला गेले तर पट्ट्याने अडवलं, तो त्यांनी ओढून काढला आणि अख्खे मागे वळले. गॉगल खाली पडला होता. मी त्या माणसाला एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"आवडा, लागलं का गो?"

काकीने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "मना न्हाय. तुमाला?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. मी खाली उतरले आणि काकीला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. रिक्षावाला भांडायच्या तयारीने काचेशी आला होता. काकांनी काच खाली केली, त्याला हात जोडले आणि म्हणाले, "जा बाबा तू. काय न्हाय झालं."