न घडवलेला दगड

अरविंदचा फोन आला तेव्हा मी आबिड्सच्या पोस्टात रांगेत उभी होते. "शुभाताई, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मग बराच वेळ त्याच्या मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत असल्याचा आवाज ऐकू येत राहिला… वसुधाला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, वर्षभरापासून हृदयाचा त्रास होता. बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. तरी पोस्टाच्या पायऱ्या उतरताना दुःखाच्या आधी मला राग आला. या बाईशी माझं एक भांडण अर्धं राहिलं होतं. कित्येक वर्षं आम्ही ते सवडीनं पुढे चालवत होतो, आणि ती मध्येच उठून गेली. आज महिना उलटला, राग पुरता गेलेला नाही. त्यामुळे माझ्याकडून तिचं नुसतं गुणगान होणार नाही, हे आधीच सांगते.

लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादच्या चिक्कडपल्लीत आले, तेव्हा वसुधा शेजारच्या घरात राहत होती. तिचं घराणं मूळचं मराठवाड्यातलं, निजामाच्या काळात हैदराबादेत येऊन स्थिरावलेलं. तिची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं. "हौ, या ना. परेशान कशाला होता?" असं ती म्हणाली होती, आणि माझ्या पुणेरी 'इश्श'ची नक्कल करून तिनं लगेच फिटंफाट केली. ती शिल्पकार होती. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ग्रॅनाइट घडवायची. इतका कठीण दगड हाताने घडवणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. सकाळी तिचा ठोका सुरू झाला की आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणत. सासूबाई कुरकुरत, पण एखाद्या दिवशी ठोका आला नाही तर मलाच "बघून ये गं तिला" म्हणून पाठवत.

नव्वदीनंतर शहर पश्चिमेकडे पसरायला लागलं. हैदराबादचे ते प्रचंड धोंडे, एकावर एक कुणी अलगद ठेवून दिल्यासारखे, तिथं मैलोन् मैल उभे होते. कंपन्या येणार, इमारती येणार म्हणून ते सुरुंग लावून फोडायचं काम जोरात चालू होतं. अशाच एका जागेवर वसाहत बांधणाऱ्या बिल्डरनं वसुधाला बोलावलं. फाटकापाशी एक भव्य शिल्प हवं, म्हणाला. वसुधा जागा बघून आली. दुसऱ्या दिवशी तिनं बिल्डरला सांगितलं की शिल्प तुमच्याकडे तयारच आहे. त्या जागेच्या मधोमध तीन धोंड्यांची एक उतरंड होती. तळाशी एक छोटी देवी होती. जवळच्या झोपडीत राहणारी नरसम्मा तिला हळद-कुंकू वाहायची आणि तिथल्याच सावलीत बसून भाजी निवडायची. वसुधाचं म्हणणं असं, की ही उतरंड जशीच्या तशी ठेवा, मी तिच्या भोवतीची वाट आणि बसायची जागा तेवढी करून देते. बिल्डर हसला, पण कबूल झाला. मी म्हटलं, लिहून घे. ती म्हणाली, त्यानं शब्द दिलाय.

त्याच सुमारास तिला हॉलंडच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. अशा ठिकाणाला रेसिडेन्सी म्हणतात. देशोदेशीच्या कलावंतांना काही महिने राहायला खोली देतात, काम करू देतात. या संस्थेचा भर संशोधनावर आणि कलेतल्या नैतिकतेवर होता. तुमचं साहित्य कुठून येतं, ते घेताना कुणाचं काय जातं, याचा शोध घ्या, असं त्यांचं सांगणं. वसुधानं या उतरंडीचाच विषय पाठवला होता आणि तो त्यांना फार आवडला. ती गेली. पहिल्याच फोनवर वैतागलेली. तिथं कुणी काही घडवतच नव्हतं. सकाळी चर्चा, दुपारी वाचन, संध्याकाळी पुन्हा चर्चा… "इथं दगडच नाही गं, शुभा. जमीनसुद्धा यांनी समुद्रातून काढलेली," ती म्हणाली. हात शिवशिवत होते तिचे. पण हळूहळू तिच्या बोलण्यात फरक पडत गेला. आजवर मी दगड कुठून आणला, तो काढणाऱ्यांच्या छातीत किती धूळ गेली, हे मला कुणी विचारलंच नव्हतं, असं ती एकदा म्हणाली. मग तिनं त्या उतरंडीची छायाचित्रं सगळ्यांना दाखवली. नरसम्माबद्दल, देवीबद्दल, सावलीबद्दल सांगितलं. काहीही न घडवता दगड जागेवर राहू देणं हेच माझं शिल्प, असं म्हणाली. मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती म्हणे. संस्थेनं तिला आणखी महिनाभर राहायचा आग्रह केला. ती राहिली.

मी रविवारी यांच्या स्कूटरवरून तिकडे चक्कर मारत असे, दगड बघून येते असं तिला कबूल केलं होतं म्हणून. त्या महिन्यातल्या एका रविवारी पाहते तर उतरंडीवर चुन्याचे गोल काढलेले, आणि त्यांतल्या काहींत भोकं पाडून झालेली. सुरुंगाची तयारी होती ती. तिथला मॅनेजर नम्र माणूस होता. नकाशा बदललाय, इथं आता गाड्या ठेवायची जागा होणार, मॅडमना आम्ही समजावू, म्हणाला. बिल्डर मुंबईला गेलेला. मी तिथून तडक चिक्कडपल्लीच्या एसटीडी बूथवर आले आणि हॉलंडला फोन लावला. पलीकडच्या बाई फारच गोड बोलत होत्या. त्यांचा मौनाचा आठवडा चालू होता. चिंतनाच्या त्या काळात कुठल्याही कलावंतापर्यंत बाहेरचा निरोप जाऊ द्यायचा नाही, असा नियम होता. कुणी वारलंय का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नाही, पण एक दगड फोडतायत. माझं इंग्रजी काही इतकं वाईट नाही, पण ते वाक्य उच्चारताना मलाच वेड्यासारखं वाटलं. निरोप लिहून घेते, आठवडा संपल्यावर नक्की देते, असं त्या म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तिसऱ्या दिवशीही. तेच गोड बोलणं. वसुधापर्यंत निरोप पोचला तेव्हा इथं सपाट जमीन होती.

ती परतली तेव्हा बेगमपेटच्या विमानतळावरून तिनं घरी जायला नकार दिला. सामानासकट आम्ही तिकडे गेलो. बिल्डर स्वतः हजर होता. ओशाळला होता असं मी म्हणणार नाही, पण आदरानं वागला. उतरंडीतला एक मोठा तुकडा त्यानं मुद्दाम बाजूला ठेवला होता. "मॅडम, तुमच्यासाठी चांगल्यातला चांगला भाग राखलाय, आता शिल्प करा," असं त्यानं खरोखरच्या प्रेमानं सांगितलं. वसुधानं त्या तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नरसम्माला शोधत होती. फाटकाशेजारी नव्या टाइल्स लावलेलं एक देऊळ झालं होतं आणि नरसम्मा तिथं त्याच देवीला कुंकू लावत होती. वसुधानं विचारलं, तुम्ही कुणी अडवलं कसं नाही? नरसम्मानं हात पुसले आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "तुम थे नहीं ना, अम्मा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर वसुधाला बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं.

काही आठवड्यांनी संस्थेचं नवं बोलावणं आलं. घडलं त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. आता या गमावण्यावरच तुम्ही काम करा, आम्ही त्याचं प्रदर्शन भरवू, असा प्रस्ताव होता. मला वाटलं, जा. जगापुढे सांग काय झालं ते. तो तुकडा घे, त्यातून काही घडव. ते आमचं भांडण. तिच्या अंगणात, भर दुपारी, अरविंद दारात चहाचे पेले घेऊन उभा असताना आम्ही ओरडत होतो.

"मेला दगड घेऊन मी हिंडू? पुन्हा टाळ्या घ्यायला?" वसुधा म्हणाली.

"मग काय करणार आहेस? हात बांधून बसणार?"

"मी नव्हते, शुभा. तिथं बसून मी राहू देण्यावर भाषण करत होते."

मला ते पटलं नाही, आणि आजही पटत नाही. बिल्डरनं शब्द मोडला, संस्थेनं निरोप अडवला, आणि शिक्षा मात्र हिनं स्वतःला करून घेतली. त्यानंतर वसुधानं एकही दगड घडवला नाही. सुलतान बाजाराकडच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवायला लागली. उरलेला वेळ कचेऱ्यांत. कुठं धोंडे फुटणार असं कळलं की ही अर्ज घेऊन हजर. साहेब जागेवर नाहीत, उद्या या, हे खातं आमचं नाही… तेलुगूत, उर्दूत, इंग्रजीत तेच ऐकून यायची. एका वसाहतीच्या कोपऱ्यातला एक धोंडा मात्र तिनं वाचवला. रहिवाशांनी त्याला निळा रंग दिला आणि वर झेंडा रोवला. ती तो पाहायला मला घेऊन गेली होती. मी चिडले, आणि ती हसून म्हणाली, "जागेवर तर आहे ना?" उतरंड फोडून बांधलेल्या त्या कॉम्प्लेक्सच्या नावात मात्र अजूनही 'रॉक' आहे. जाहिरातीतल्या चित्रात उतरंडही आहे.

मागच्या रविवारी अरविंदकडे गेले. तो बँकेतून निवृत्त झालाय, घरात आता एकटाच. मागच्या शेडमध्ये होता. स्टुलावर बसून मांडीवर फडकं पसरलेलं, बाजूला तेलाची वाटी, आणि समोर वसुधाच्या छिन्न्या ओळीनं मांडलेल्या. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत त्या गंजून गेल्या असतील. एकीवरही गंज नव्हता. पाती लखलखत होती. धार लावलेली, ताजी. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की अक्का दर रविवारी हे करायची. धार लावायची, तेल द्यायची, गुंडाळून ठेवायची. शाळा असो, कचेऱ्या असोत, आजारपण असो, रविवार चुकवला नाही. शेवटी हात थरथरायचे, तेव्हा ती समोर बसून सांगायची आणि हा करायचा. मला एकदाही बोलली नाही. मी दगड घडव, दगड घडव म्हणून डोकं खात होते, आणि ती तयारच बसली होती… की नुसतीच सवय होती? आता विचारायचं कुणाला?

"अरविंद, आता हे कुणासाठी?" मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा.

त्यानं हातातली छिन्नी पुसून खाली ठेवली, आणि पुढची उचलली.