उन्हातला दगड

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमच्या मोजणीच्या कामात उपग्रहांवरून जागा सांगणारं एक यंत्र आलं. त्याची परीक्षा घ्यायची म्हणजे जिची जागा आधीच अचूक ठाऊक आहे अशा खुणेवर ते उभं करायचं आणि काय सांगतंय ते पाहायचं. मी मोठ्या तोऱ्यात जतच्या माळावरचा दगड सुचवला. तरुणपणी थिओडोलाइटच्या दुर्बिणीने महिनाभर कोन मोजून तो मीच बसवला होता.

यंत्राबरोबर एक तरुण इंजिनिअर आला. अँटेनाला आकाश मोकळं हवं म्हणून दगडावर आलेल्या बाभळीच्या फांद्या आम्ही छाटल्या. मग उपग्रह डोक्यावरून जायची वाट पाहत बसलो. चार दिवसांनी त्याने आकडेमोड केली. दगडाची आमच्याकडे नोंदलेली जागा आणि यंत्राने सांगितलेली जागा यांच्यात चांगला वीस पावलांचा फरक निघाला.

तो नम्रपणे म्हणाला, जुनी मोजणी आहे, चूक राहिली असेल. मीही तितक्याच नम्रपणे सुनावलं की आभाळात भिरभिरणाऱ्या डब्यापेक्षा जमिनीत रोवलेला दगड बरा. खरं तर चूक माझीच निघेल याची मला धास्ती होती. त्या दगडावरून निम्म्या तालुक्याचे नकाशे निघाले होते. अशा दगडाखाली आम्ही खोलवर दुसरी खूण पुरून ठेवतो. खणून पाहिलं असतं तर लगेच निकाल लागला असता, पण कुदळ मागवणं म्हणजे स्वतःवरच संशय. म्हणून 'यंत्र सदोष' असा अहवाल मी रागारागाने लिहायला घेतला.

तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरची धनगर म्हातारी ताक घेऊन आली. मी दगड बसवला तेव्हाही तिनेच ताक पाजलं होतं. वाद कसला, म्हणून तिने विचारलं आणि मी सांगितलं.

"आवं सायेब, त्यो तितं उन्हात हुता," ती म्हणाली. "पोरांनी उचलून सावलीला आनला. तुमीच म्हनला हुता न्हवं, मावशी, दगडाला जपा."

तिने दाखवलं तिथे खणलं. खालची खूण जागच्या जागी होती. यंत्र बरोबर निघालं आणि माझी मोजणीही. मला हायसं वाटलं, आणि लाजही. लांबचं दिसावं म्हणून आम्ही खुणेचा दगड नेहमी उघड्यावर बसवतो. मी मुकादमासारखा उभा राहून बाभळीच्या फांद्या छाटून घेतल्या, चार दिवस तिथेच बसलो, आणि झाडाखाली मी दगड बसवलाच नसता एवढी गोष्ट डोक्यात आली नाही. अहवाल फाडला. इंजिनिअर हसला नाही, हे त्याचे उपकारच.

दगड पुन्हा उन्हात रोवताना म्हातारी हळहळत उभी होती. निघताना तिला 'जपा' म्हणायचा मला धीर झाला नाही.