भिजून न फाटणारा कागद

ओल्या कागदाची काळजी वाहणारी बाई अख्ख्या हैदराबादेत एकच, आणि ती माझी नणंद आहे, असं मी छातीठोकपणे सांगते. पाण्यात पडल्यावर कागदाचा लगदा होऊ नये म्हणून कारखान्यात त्यात रेझिन नावाचं चिकट रसायन मिसळतात. ताईंची सगळी नोकरी त्या रेझिनच्या प्रयोगशाळेत झाली. दिलसुखनगरच्या आमच्या घरी टी-बॅगचा चहा आम्ही पितो. ताई आधी ती पिशवी ताणून बघतात. आबिड्सच्या एका हॉटेलात बिर्याणी यायच्या आत त्यांनी टिश्यू पेल्यात बुडवून दोन्ही हातांनी ओढला. वेटर धावत आला. "मॅडम, कुछ निकला क्या उसमें?" "नक्को घबराओ भाई, अच्छा है. भीगके भी टिका," असं म्हणून त्यांनी आणखी एक मागितला.

गेल्या वर्षी ताईंच्या कारखान्यात टी-बॅगच्या कागदाचा मोठा लॉट ओल्या चाचणीत फाटला. मालकांनी मशीनवरच्या सरितावर ठपका ठेवला: रेझिन कमी घातलं, उद्यापासून येऊ नकोस. ताईंचा विसरलेला डबा घेऊन मी नेमकी तिथे पोचले होते. बघते तर कागदाच्या रिळांसमोर ताई खुर्ची टाकून बसलेल्या, आणि मालक उभे.

"रेझिन बराबर है सर. नया कागज है, उसमें रेझिन धीरे पकता. हफ्ताभर रखो. फिर भी फटा तो सरिता के साथ मैं भी जाती."

मालकांनी शेवटी लॉट थांबवला. तो आठवडा ताईंचं घरात लक्ष नव्हतं. भाजीत दोनदा मीठ पडलं, आम्ही निमूटपणे खाल्ली. चाचणीच्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले. भिजवलेली पट्टी मालकांनी स्वतः ओढली, मग जोर लावून ओढली. ती तुटली नाही. पट्टी त्यांनी खाली ठेवली. मग सरिताकडे न बघताच म्हणाले, "ड्यूटी पे लग जा." ती ओढणीने डोळे पुसत मशीनकडे गेली.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "ताई, एवढी खात्री होती?"

"कागदाची होती गं," त्या म्हणाल्या. "सर आठवडाभर थांबतील याची नव्हती."

आता त्या निवृत्त झाल्यात. अधूनमधून दुपारी सरिताचा फोन येतो. मशीनच्या घरघरीत तिचं अर्धं बोलणं कळत नाही. तिचं बोलून झालं, तरी ताई ती घरघर ऐकत फोन कानाला तसाच धरून बसतात.