दुधराम दप्तरीची राहिलेली चिठ्ठी

गोंदियाच्या कोर्टात वकिलांची खोली होती. तिथं कायद्याच्या पुस्तकांची चार कपाटं होती आणि त्या पुस्तकांना जगात एकच माणूस होता, कुडव्याचा दुधराम दप्तरी. वकिलांचा त्यांच्याशी संबंध एवढाच, की पक्षकार समोर बसला म्हणजे पाठीमागे ती दिसली पाहिजेत.

दुधरामचं काम सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. सरकार एखादा कायदा करी आणि चार महिन्यांत त्यातलं कलम बदली. मग नागपुराहून छापील चिठ्ठ्यांची चळत येई. दुधरामनं त्या कापायच्या, ज्या पुस्तकातलं जे कलम बदललं असेल तिथं खळीनं डकवायच्या आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख घालायची. इंग्रजी त्याला अक्षरं आणि आकडे ओळखण्यापुरतंच येई. तेवढ्या भांडवलावर त्यानं एकतीस वर्षं सरकारच्या चुका झाकल्या. बायको रुख्मा विचारी, "दिवसभर का करता जी तिकडं?" तो म्हणे, "सरकारले ठिगळं लावतो."

सन छत्तीसमध्ये तो निवृत्त व्हायचा झाला. वकिलांनी सत्काराचं ठरवलं. मानपत्र लिहिलं केशोरावांनी. ते सगळ्यांत जुने वकील, आणि आवाज असा, की मुद्दा नसला तरी चाले. त्यांनी दुधरामला आदल्या दिवशी हौसेनं ते वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं : 'एकतीस वर्षांत यांच्या हातून एकही चूक झाली नाही.' ते ऐकून दुधरामनं घरी जाऊन ट्रंक उघडली. एक चूक झाली होती, आणि ती नेमकी केशोरावांनाच भोवली होती.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गोरेगावच्या उदारामचा बांधावरच्या आंब्याचा खटला केशोराव लढवत होते. भर कोर्टात त्यांनी रद्द झालेलं कलम ठणकावून सांगितलं, समोरचा वकील खो खो हसला आणि उदारामचा आंबा गेला. त्याच संध्याकाळी दुधरामनं खळीची वाटी उचलली, तर त्याच कलमाची चिठ्ठी वाटीच्या बुडाला चिकटलेली! डकवायचीच राहून गेलेली. आता लावावी, तर तो वकिलांत राहून एवढं शिकला होता, की मागाहून लावणं म्हणजे पुरावा बदलणं. महिन्याभरात त्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली, जुनं कपाटाच्या माथ्यावर गेलं आणि चिठ्ठी दुधरामच्या ट्रंकेत. तेव्हापासून त्यानं आंबा सोडला. केशोरावांची खुर्ची तो सगळ्यांआधी पुसायचा. केशोरावांना वाटे, आपला दरारा आहे.

सत्काराला मुन्सफसाहेब अध्यक्ष होते. चिवडा आला, हार आला. केशोराव मानपत्र वाचत 'एकही चूक' पर्यंत पोचले आणि दुधराम उठून उभा राहिला.

"थांबा सायेब. तिथं दुरुस्ती पायजे." त्यानं खिशातून ती पिवळी पडलेली चिठ्ठी काढली आणि सगळं सांगून टाकलं. "उदारामचा आंबा मी घालवला जी. तुमची इज्जतबी मीच घालवली. खोटं मानपत्र मी कायले घेऊ?"

केशोरावांचा चेहरा उतरला, पण रागाने नव्हे. माणूस चोरी सापडल्यावर जसा दिसतो तसे ते दिसत होते. "जाऊ दे रे, जुनं झालं," ते घाईघाईनं म्हणाले.

मुन्सफसाहेब मात्र न्यायाधीश पडले. "किताब लाओ," ते म्हणाले.

दुधरामनं स्टूल लावून पुस्तक उतरवलं, धूळ झटकली आणि ते कलम काढायला गेला. पान उघडेना. त्यानं नखानं कड उचलून पाहिली. त्याच पानावर आधी लावलेल्या एका चिठ्ठीची खळ बाहेर आली होती आणि दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटून बसली होती. कलम त्या दोन पानांच्या आत. उचललेल्या कडेतून दिसणाऱ्या त्या आधीच्या चिठ्ठीवर तारीख त्याच्याच हाताची होती, खटल्याच्या महिनाभर अगोदरची.

दुधरामनं तारीख दोनदा वाचली. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "म्हंजे वकीलसायेब, तुमी हे पान उघडलंच नोहोतं?"

"मला पाठ होतं ते," केशोराव छताकडे बघत म्हणाले.

खोलीत असा हशा पिकला, की कोर्टातले शिपाई धावत आले. दुधरामही हसला. अठरा वर्षांचं ओझं उतरलं होतं, त्याला अगदी हलकं हलकं वाटलं. मग त्याची नजर चार कपाटांवरून फिरली आणि हसू थांबलं.

"अन बाकीचे तुमी सारे?" त्यानं विचारलं.

सगळे वकील एकाएकी चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागले.

"मंग एकतीस वर्सं मी कोनासाठी चिपकवून राहिलो होतो जी?"

दुधरामला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. त्यानं फडकं भिजवून पानाच्या कडेवर धरलं, दोन्ही पानं हळूहळू सोडवली, कपाटातली खळ घेऊन चिठ्ठी जागच्या जागी बसवली आणि कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घातली. पुस्तक उघडंच केशोरावांच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या. आता वाचा."

मुन्सफसाहेब हार हातात धरून उभे होते. केशोरावांनी चष्मा लावला आणि सगळ्यांदेखत ते कलम पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. ते संपल्यावरच दुधरामनं हारासाठी मान पुढे केली.