मोज्यांनी वेचलेलं माळरान

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी काष्टीच्या बाजारात मेथी घेत होते. साध्या तापाचं निमित्त झालं आणि तिशीही न गाठलेली माझी मैत्रीण गेली... भाजीवाल्या मावशींनी मला पोत्यावर बसवून पाणी दिलं. मी त्यांना काय सांगितलं, काही आठवत नाही.

गावामागचं उजाड माळरान नसीमला पुन्हा जिवंत करायचं होतं, आणि तेही झाडांनी नव्हे, गवतानं! गवत कुणी मुद्दाम लावतं का, म्हणून गावानं तिची भरपूर थट्टा केली. शेवटी माळाचा एक तुकडा दिला, तोही दोन पावसाळ्यांपुरता. तेवढ्यात जमलं नाही, तर खड्डे खणून झाडं लावायची, असं ठरलं. "मग जमिनीवर अंडी घालनाऱ्या पाखरांनी जायचं कुठं?" असं ती ज्याला त्याला विचारत सुटायची.

दिवाळीनंतर कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन ती डोंगरउतारावर जायची. तिथं कुसळी गवत अजून शिल्लक होतं. बी गोळा करायची तिची तऱ्हा जगावेगळी. जुने लोकरीचे मोजे गुडघ्यापर्यंत चढवायचे आणि गवतातून नुसतं भटकायचं. मग बांधावर बसून एकमेकांच्या मोज्यांत रुतलेली कुसळं उपटायची, हसत, ओरडत... आणि मी मेली पहिल्याच दिवशी नवी जीन्स घालून गेलेले! त्या दिवशी तिनं माझ्या ओल्या तळहातावर एक कुसळ ठेवलं. त्याचा पीळ हळूहळू सुटू लागला, ते गरगर वळलं आणि टोक कातडीत शिरायला बघू लागलं. मी दचकून हात झटकला.

"घाबरतीस काय? जमीन हुडकतंय ते," ती म्हणाली.

ना हात, ना डोळे, आणि थेंबभर पाण्यावर बी स्वतःलाच मातीत पेरून घेतं! मी थक्क झाले. आजही होते.

दुसरा पावसाळा निम्मा सरला आणि ती गेली. गवत उभं राहिलं होतं, पण पाखरू एकही उतरलं नव्हतं.

परवा धीर करून मी माळावर गेले. नसीमची अम्मी तिथं एकटीच बसली होती. तिला पाहिलं आणि मी हंबरडाच फोडला. अम्मीनं चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला आणि समोर बोट दाखवलं. गवताच्या बुडाशी, वाटीएवढ्या खळग्यात, एक मातकट चंडोल मादी पिल्लांना पोटाखाली घेऊन बसलेली.

"हळू रड, बाई," अम्मी कुजबुजली. "नसीमच्या घरात बाळंतीन हाय."