सुईणआजीची नात

गाव पेटलं तेव्हा सुईणआजी नेसत्या वस्त्रानिशी निघाली. मुलगा मागेच राहिला, कायमचा. सोबत होती पोटुशी सून. बंद पडलेल्या गिरणीच्या गोदामात, चादरींच्या आडोशाला, आजीनंच तिचं बाळंतपण केलं. मुलगी झाली.

गोदामात आसऱ्याला आलेल्या गावच्या साठ कुटुंबांत आजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मिशीवाल्या बाप्यांनासुद्धा ती दटावायची, "तुझी नाळ मी कापलीय, गप्प बस!"

दीड महिन्यात सून मासळी साफ करायच्या कारखान्यात लागली. पहाटे जायची, अंधार पडल्यावर यायची. अंगावरचं दूध आटलं. मदतीच्या शिध्याच्या यादीत मागाहून जन्मलेल्या पोरीचं नाव नव्हतं, म्हणून दूध पावडरीचा डबा विकत यायचा. आठवड्याचा डबा आजी तीन आठवडे पुरवायची. पाणचट दूध पिऊन पोर निपचित पडायची. आजी कौतुकानं म्हणायची, "गुणाची गं बाई, रडत म्हणून नाही!"

आठव्या महिन्यात जुलाब लागले. आजीनं दूध बंद केलं, नुसत्या पाण्यावर ठेवलं. पाचव्या दिवशी तपासणीला आलेल्या नर्सनं पोरीच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळली. खूण लाल भागात आली, म्हणजे पोर पार खंगलेली.

"आजी, हिला खायला का दिलं नाहीत?"

"पोटाला विसावा नको? मी काय आज पोरं वाढवतेय?"

"जुलाबात तर भरवायलाच हवं. ही उपाशी आहे, आजी. आजची नाही, कित्येक महिन्यांची."

आजीनं पोरीला उचललं आणि नर्सच्या मागोमाग दवाखान्याची वाट धरली.

सुनेनं रजा मागितली तर मुकादम म्हणाला, "जा, पण परत येऊ नकोस." म्हणून दवाखान्यात आजीच राहिली. दर दोन तासांनी चमच्यानं भरवलं. पोर हसायला लागली. तीन आठवड्यांनी घरी आणली, ती त्याच गोदामात, टँकरच्या त्याच गढूळ पाण्यावर. महिन्याभरात पुन्हा जुलाब. या वेळी आजीनं भरवणं सोडलं नाही. पोरीनंच गिळणं सोडलं.

सून आजीला एका शब्दानं बोलली नाही. तेच आजीला जास्त लागलं.

पोर गेल्यावर चार दिवसांनी आजी उठली आणि प्रत्येक आडोशात जाऊन सांगू लागली, "दूध पातळ करू नका. जुलाबात भरवा. पाणी उकळा. माझं चुकलं, बायांनो."

एका तरण्या आईनं विचारलं, "उकळायला जळण कुठून आणू, आजी?"

दुसऱ्या दिवशी आजी गिरणीच्या आवारात मोडक्या खोक्यांच्या फळ्या वेचत होती. दोन चुलींपुरत्या मिळाल्या.